गोड मिरचीचं बी

मिरचीचा गर खरवडता खरवडता ओनेलियाने सवयीने मनगटाने डोळा पुसला आणि डोळ्यात जाळ उठला.

ती तशीच उभी राहिली. एक डोळा मिटलेला, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात भिजून मऊ झालेली लाल मिरची. गोड मिरची डोळ्याला झोंबत नाही. स्टुलावर उभं राहून आईच्या शेजारी गर खरवडत होती तेव्हापासून तिला हे ठाऊक होतं. या मिरचीचा गर ती लहानपणी बोटाने चाटून खायची, मुरंबा खावा तसा. पण आता डोळा पाझरत होता आणि नखांच्या कडाही चुरचुरायला लागल्या होत्या.

तिने नळाखाली डोळा धुतला. मग हातातल्या मिरचीचा आतला पडदा नखाने खरडला आणि जिभेच्या शेंड्यावर ठेवला.

तिखट. चांगली कडकडीत तिखट.

भांड्यातली दुसरी मिरची घेतली. तीही तिखट. खिडकीशी यंदाच्या माळा टांगल्या होत्या, त्यातल्या एका माळेतून तिने कोरडीच मिरची तोडली, मोडली, चाखली. तिखट. शेजारची. तिखट. आणखी एक. तेवढ्यात तिची जीभ इतकी पेटली की पुढचं काही कळेना. तिने चमचा ओट्यावर आपटला.

"एवेलियो," ती म्हणाली.

तिचा नवरा सोइलो दारात बसून बुटांना तेल लावत होता. "काय केलं त्याने आता?"

"वाटोळं केलं. आईच्या मिरचीचं वाटोळं केलं त्याने."

एवेलियो म्हणजे ओनेलियाचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर डोंगरउतारावरच्या शेताचे दोन भाग झाले आणि मधोमध, वरच्या चेस्टनटच्या झाडापासून खालच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, दगडी भिंत उभी राहिली. डावीकडे ओनेलिया, उजवीकडे एवेलियो. बाप होता तोवर एक नियम होता: तिखट मिरची खाली टाकीजवळ, गोड मिरची वर चेस्टनटजवळ. मधे बटाटे, मका, काय हवं ते लावा, पण दोन मिरच्यांनी एकमेकींना बघायचं नाही. दिसायला दोघी सख्ख्या बहिणींसारख्या, लाल, लांबट, खांद्याशी रुंद. पण माशी एका फुलावरून दुसऱ्यावर बसली की झालं. त्या वर्षी काही कळत नाही. गोड झाडाला लागलेली मिरची गोडच निघते, कारण मिरचीचं अंग आई-झाडाचं असतं. बी मात्र दोघांचं. ते बी पुढच्या वर्षी पेरलं की मग कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षी एवेलियोने टाकीजवळची जमीन अवोकाडोच्या रोपांना दिली आणि तिखट मिरची वर आणली. थेट भिंतीलगत. खाली किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याला तिखट मोहो, म्हणजे मिरची-लसणाची तेलात घोटलेली चटणी, बाटल्यांत भरून विकायचा होता; पाहुण्यांना तिखटच लागतं म्हणे, खाऊन रडतात आणि पुन्हा मागतात. ओनेलियाने तेव्हाच भिंतीवरून सांगितलं होतं, वर लावू नकोस. एवेलियो म्हणाला होता, "जमीन माझी. हवा तुझ्या नावावर करून घेतलीयस काय?" ती म्हणाली होती, "माश्या येतात." तो म्हणाला होता, "मग माश्यांना सांग भिंत ओलांडू नका म्हणून."

ती गप्प बसली होती. आईचं शहाऐंशी वर्षांचं वय आणि नाजूक पोट, घरात भांडण नको म्हणून. त्या गप्प बसण्याचा तिला आता एवेलियोइतकाच राग आला.

"गोड मिरची गावात चार घरी आहे," सोइलो समजुतीने म्हणाला. "घेऊ कुणाकडून तरी बी."

ओनेलियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बुटाकडे वळला.

चार घरी होती, खरं होतं. पण त्या चार घरच्या मिरच्या म्हणजे नुसती सालं. भिजवून खरवडल्या तर चमचाभर गर निघायचा. आईच्या मिरचीचा गर बोटभर जाड, मनुकेसारखा वास, आणि वाटला की त्यात तेल असं मुरायचं की मोहो दोन दिवस ठेवला तरी तेल वर येत नसे. हे बी आईने तिच्या आजीकडून आणलेलं. आणि आईने ते घराबाहेर कधीच जाऊ दिलं नव्हतं. कुणाला मिरच्यांची भेट द्यायची झाली तर आई प्रत्येक मिरचीला चीर द्यायची, बी झटकून काढायची, मगच द्यायची. लोक हसायचे, पण मिरच्या घ्यायचे. जुनं बी ठेवायची पद्धत नव्हती. ताजं पेरायचं आणि उरलेलं कोंबड्यांना टाकायचं. म्हणजे आता जगात या मिरचीचं जे काही बी होतं, ते खिडकीत टांगलेल्या या माळांच्या पोटात. आणि माळा तिखट निघाल्या होत्या.

"आज जाणारच आहोत ना सेवेरोच्या वाइनघरात," ओनेलिया म्हणाली. "जेवायला येईलच तो."

तो सान मार्तीनचा दिवस होता. नवी वाइन त्या दिवशी उघडायची, चेस्टनट भाजायचे, डुकराचं मटण निखाऱ्यावर टाकायचं. बटाटे मिठाच्या पाण्यात सालीसकट सुरकुत्या पडेपर्यंत उकडायचे आणि मोहोत बुडवून खायचे. कुणाच्या का वाइनघरात असेना, मोहो ओनेलियाच्या घरचा असायचा. आई वर्षभर पथ्याचं सूप पिऊन दिवस काढायची आणि या एका दिवशी बटाटे आणि गोड मोहो हक्काने मागायची. यंदाही तिने चार दिवस आधीपासून आठवण करून दिली होती.

सोइलोला वाटलं होतं, बायको आता सगळं ओतून देईल आणि नुसत्या कोथिंबिरीचा हिरवा मोहो करील. पण ओनेलियाने दगडी खल पुढे ओढला. आधी जाडं मीठ आणि जिरं टाकून कुटलं. मग लसूण, ठेचून, मिठाबरोबर घोटून त्याचं पांढरं लोणी होईपर्यंत. मग मिरचीचा गर. बत्त्याचा आवाज अंगणापलीकडे जात होता. तळलेल्या पावाचा तुकडा त्यात गेला आणि त्याचा भुगा झाला.

"खलात मिरचीच आहे ना?" सोइलोने विचारलं. "का एवेलियो?"

"तेल दे."

त्याने तेल दिलं. तिने धार न लावता थेंब थेंब सोडलं, दुसऱ्या हाताने घोटत राहिली. कितीही रागावली तरी तेल घाईने ओतण्याइतकी ती रागावलेली नव्हती. शेवटी व्हिनेगर. मोहो झाला: गडद लाल, चकचकीत, दरवर्षीसारखाच. बघून कुणाला काही कळलं नसतं.

मग तिने खिडकीतल्या सगळ्या माळा उतरवल्या, पोत्यात भरल्या आणि पोतं गाडीत टाकलं.

*

सेवेरोचं वाइनघर पाईनच्या झाडीत होतं. सेवेरो शेजारी, जाडजूड, बोलघेवडा. पिंप उघडायच्या दिवशी त्याच्या दारात अर्धी वाडी जमायची. ते पोचले तेव्हा निखारे पडले होते, चेस्टनट फुटत होते. लांब टेबलाच्या टोकाला आई, जिला सगळी वाडी आदराने दोन्या ब्रीहिदा म्हणायची, शाल घेऊन बसली होती. यूरेना, ओनेलियाची मुलगी, तिला सकाळीच घेऊन आली होती. एवेलियो पिंपाशी उभा होता, ग्लास हातात, टोपी मागे सरकवलेली.

"आली," तो म्हणाला. "चेहऱ्यावरून वाटतंय, वाइन आंबलेली असणार."

ओनेलियाने मोहोचं भांडं टेबलावर ठेवलं. बरोबर त्याच्यासमोर. बटाट्यांच्या टोपलीतला एक गरम बटाटा उचलला, मोहोत बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"खा."

"आधी आईला दे की."

"तू खा म्हणते ना."

सगळे बघत होते म्हणून त्याने खाल्ला. चावला. थांबला. पुन्हा चावला. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"यंदा तिखट जरा जास्त टाकलंयस."

"एकही तिखट मिरची टाकलेली नाही. ही गोड मिरची आहे एवेलियो. आईची. तुझ्या भिंतीपलीकडच्या माश्यांनी केलेली."

एवेलियोने ग्लास रिकामा केला, पण वाइनने मिरचीची आग कुठे जाते. त्याने तोंड पुसलं.

"मला काय सांगतेस. घाईत चुकीची माळ घेतली असशील. तिखट आणि गोड टांगतेस शेजारी शेजारी."

"मी तिखट लावतच नाही हे तुला माहीत आहे. कधी एखादी घालायची झाली तर ती तुझ्याकडून मागून घेते. चुकीची माळ कुठून आणू?"

"मग हाताला लागलेली असेल आधीची."

"वर्षभरापूर्वीची?"

"तुझ्या जिभेवरचं तिखट बघता अशक्य नाही."

कुणीतरी हसलं. ओनेलिया बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या पाठीवर पोतं होतं. तिने ते उलटं केलं आणि लाल माळा एवेलियोच्या बुटांवर पडल्या, सळसळत, सुक्या पानांसारख्या.

"घे. तुझ्या हॉटेलवाल्याला दे. आता सगळ्याच तिखट आहेत, भरा बाटल्या. चार पिढ्या एका घरात राहिलेली मिरची तू एका हंगामात घालवलीस. बाबांनी एक साधी गोष्ट सांगितली होती, एक. ती तुला पाळता आली नाही."

"बाबांचं नाव काढू नकोस."

"का नको? बाबांच्या जमिनीवर उभा राहतोस, त्यांचं पाणी घेतोस, नाव तेवढं नको?"

तोवर आईचा हात भांड्यापर्यंत पोचला होता. तिला आता अंधूक दिसायचं, पण मोहोचा वास तिला बरोबर घेऊन जायचा. यूरेनाने हात धरला. "आजी, नको. तिखट आहे."

"हात सोड माझा."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान आहे. सोड."

तिने पावाचा कोपरा बुडवला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. खोकला आला, पाणी आलं डोळ्यांतून, पण तिने थुंकला नाही. गिळून झाल्यावर म्हणाली, "गर आपला आहे. लसूण बरोबर. जिरं जरा जास्त. तिखट भिंतीपलीकडचं." मग एवेलियोच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून, "वर लावलीस तू?"

"आई, खाली अवोकाडो आहेत."

"मी अवोकाडो विचारले नाहीत."

एवेलियोचा स्वभावच असा की चूक अंगावर आली की तो ती झटकायला आणखी एखादी खोडी काढायचा. तो खाली वाकला, एक माळ उचलली, तिच्यातली मिरची तोडली.

"सगळ्या तिखट म्हणतेस ना? सगळ्या चाखून बघितल्यास?"

"पाच बघितल्या. पाचही तिखट."

"पाच." त्याने मिरची मोडली, आतला पडदा दाताने ओरबाडला आणि तिच्या डोळ्यांत बघत चावत राहिला. चावत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. "गोड," तो म्हणाला. "घे. आणि पोतं भरून तमाशा करायला आली."

ओनेलियाने त्याच्या हातातला उरलेला तुकडा हिसकावला आणि जिभेला लावला. गोड होता. मनुकेसारखा गोड.

तिला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला, कारण शोधलं कुणी तर याने. पाच मिरच्यांवर तिने सगळ्या माळा बुडीत काढल्या होत्या. पहिल्या तिखट मिरचीनंतर जिभेला नीट काही कळलंही नसेल. आणि एक माळ सोडली तर बाकीच्या तिने चाखल्याच नव्हत्या.

"आणखी एक खा," ती म्हणाली.

"खातो की. घाबरतो काय." त्याने दुसरी मोडली, चावली आणि पुढच्या क्षणी टेबलाला धरून वाकला. कान लाल झाले. सेवेरोने त्याच्या हातात बकरीच्या चीजचा तुकडा कोंबला.

"ही तुझी," ओनेलिया म्हणाली.

*

पुढचं आईने सांगितलं.

"माश्यांनी सगळी फुलं बाटवलेली नाहीत. काही झाडं अजून शुद्ध आहेत, ती गोड आहेत. गोड निघाली ती गोडच, तिच्या पोटात लपलेलं तिखट नसतं. पण ती झाडं यंदा तिखट झाडांमध्ये उभी होती. म्हणजे त्यांचं बीसुद्धा काही बाटलं असणार. तेव्हा आज गोड तेवढ्या बाजूला काढा. बी पेरा. पुढच्या वर्षी पुन्हा चाखा, पुन्हा काढा. मग त्याच्या पुढच्या वर्षी. आणि तोवर भिंतीपलीकडे तिखट दिसता कामा नये. समजलं सगळ्यांना?"

"समजलं," एवेलियो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण चाखणार कोण? पोतंभर आहेत."

"तू," ओनेलिया म्हणाली.

"आणि तू."

ती समोरच्या बाकावर बसली. मधे माळा. दोघांनी एकेक मिरची मोडायला सुरुवात केली. गोड निघाली की बी वाडग्यात, तिखट निघाली की मिरची जमिनीवर. पहिल्या दोन-तीन ठीक गेल्या. मग ओनेलियाला तिखट लागली, मग लगेच पुढची तिखट, मग पुढची. एवेलियोने तिने टाकलेली मिरची उचलून चाखली.

"ही गोड आहे."

"तिखट आहे."

"तुझी जीभ मेलीय. गोड आहे. फेकून देत होतीस."

"आण इकडे." तिने पुन्हा चाखली. तिला सगळंच तिखट लागत होतं, पावाचा तुकडासुद्धा. तिने वाडगा बाजूला सरकवला. एका तिखट मिरचीनंतर जीभ काही काळ कामाची राहत नाही, आणि दोघांच्या दोन जिभा संपल्या होत्या.

तिने मान वर केली. टेबलाभोवती वाडी उभी होती, ग्लास हातात घेऊन, भांडण बघत. यांच्याकडे मागायचं? यांना आईने आयुष्यभर चीर दिलेल्या मिरच्या दिल्या होत्या.

"सेवेरो," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला इतकं जड गेलं की शब्द रागानेच बाहेर आला. "उभा काय राहिलास? बस इथे. जीभ आहे ना तुला?"

"वा," सेवेरो म्हणाला. "सान मार्तीनला लोकांना वाइन चाखायला बोलवावं, आणि यांनी आपल्याला मिरच्या चाखवाव्यात." पण तो बसला. त्याच्या शेजारी त्याची बायको बसली. मग सोइलो, मग यूरेना, मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघी बहिणी, ज्यांच्याशी आईचं बोलणं नव्हतं.

ओनेलियाने सगळ्यांना नीट दाखवलं. सबंध चावायची नाही. मोडायची, आतला पडदा नखाने खरडायचा, शेंड्याला लावायचा, थांबायचं. चटका कधी कधी उशिरा येतो, म्हणून लगेच गोड म्हणायचं नाही. तिखट निघाली की उठायचं, चीज खायचं, भाजलेल्या पिठाचा गोळा चघळायचा, आणि जीभ शुद्धीवर आल्याशिवाय परत बसायचं नाही. "आणि खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. "शौर्य दाखवायला तिखटाला गोड म्हणाल तर पुढच्या वर्षी माझ्या शेतात तुम्हाला आणून सगळी झाडं खायला लावीन."

काम सुरू झालं. कुणी शिव्या देत उठायचं, कुणी परत यायचं. पिंपाकडे फारसं कुणी फिरकेना. चीज मात्र संपत आलं. सेवेरोने एका मिरचीवर इतका वेळ विचार केला की त्याची बायको म्हणाली, "लग्नाला हो म्हणताना एवढा वेळ लावला असतास तर." एवेलियो सगळ्यांत जास्त वेळा उठला आणि सगळ्यांत जास्त वेळा परत बसला. त्याचे ओठ सुजले होते. पण तो बसला, आणि प्रत्येक वेळी ओनेलियाकडे असं बघत, जणू बाकावर बसणं हासुद्धा तिच्यावरचा आरोप आहे.

शेवटी जमिनीवर तिखट मिरच्यांचा ढीग मोठा आणि वाडग्यात बी थोडं होतं. पण होतं.

"आण माझ्याकडे," आई म्हणाली. "रुमालात बांधते."

ओनेलिया वाडगा घेऊन उभी राहिली. आईकडे गेली नाही. सेवेरोच्या बायकोसमोर थांबली, चिमूटभर बी घेतलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मग त्या दोघी बहिणींच्या. मग बाकीच्यांच्या.

"काय करतेस?" आईने विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण बिया तळहातावर पडल्याचा आवाज तिने ओळखला होता. "ओनेलिया. काय करतेस?"

"बी देते."

"घराबाहेर?"

"हो."

"माझ्या आजीने मरताना सुद्धा शेजारणीला दिलं नाही."

"म्हणून आज सगळं या एका पोत्यात होतं, आई. एका भिंतीपलीकडे एक माणूस वेड्यासारखा वागला आणि सगळं गेलं असतं. चार शेतांत असतं तर मी आज सेवेरोच्या दारावर गेले असते, दोन बिया घेतल्या असत्या, आणि याच्याशी निवांत भांडले असते."

"माझी मिरची आहे ती."

"तुझीच आहे. म्हणून तर जगवते."

आईने तोंड फिरवलं. यूरेनाने तिच्यापुढे बटाटे सरकवले तेव्हा तिने ते नुसत्या मिठाशी खाल्ले, मोठ्याने चावत, सगळ्यांना ऐकू येईल असे. ओनेलियाशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

एवेलियोपुढे मात्र ओनेलिया थांबली नाही. तो बघत होता.

"आणि मला?"

"तुला कशाला? तू तिखट लाव. हॉटेलवाला वाट बघत असेल."

"भिंतीला लावणार नाही म्हणतोय ना."

"कधी म्हणालास?"

"आता म्हणतोय."

"मग कुठे लावशील?"

"ते माझं मी बघीन."

"बघीन नाही. आत्ता सांग, सगळ्यांसमोर. कुठे?"

एवेलियोचा जबडा हलला. टाकीजवळ लावायची तर अवोकाडो उपटायला हवे होते, आणि त्या रोपांना त्याने दोन उन्हाळे पाणी घातलं होतं, आपल्या पाळीचं, कधी दुसऱ्याच्या पाळीतून उसनं घेऊन. हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती विचारत होती.

"तू मला मुळापासून उपटायला निघालीयस," तो म्हणाला.

"मला पण तसंच वाटलं होतं. सकाळी, डोळा धूत असताना."

त्याने टोपी पुढे ओढली आणि तो झाडीतून खाली निघून गेला. वाइनचा दुसरा ग्लास न भरता. सान मार्तीनच्या दिवशी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओनेलिया शेतात गेली तेव्हा भिंतीपलीकडून, खालच्या बाजूने, कुदळीचा आवाज येत होता. आवाजाच्या मधे मधे शिव्या. काही हॉटेलवाल्याला, काही माश्यांना, बऱ्याचशा तिला.

ती भिंतीच्या कडेने खाली गेली, टाकीपर्यंत. दगडांवरून पाहिलं. एवेलियो गुडघाभर खड्ड्यात उभा होता. त्याच्या आजूबाजूला उपटलेली रोपं पडली होती. ओठ अजून सुजलेले.

त्याने तिला पाहिलं. हातातलं रोप त्याने वर उचललं आणि भिंतीवरून तिच्याकडे भिरकावलं. ते तिच्या पायाशी पडलं, मातीचा गोळा फुटला.

"घे," तो म्हणाला. "तूच लाव. तुझ्याकडे जमीन फार झालीय."

तिने रोप उचललं. मुळं झटकली, उलटसुलट करून बघितली. एक जाड मूळ कुदळीने कापलं गेलं होतं. त्याचा पांढरा तुकडा लोंबत होता.

"अरे, असं खणतात का?" ती भिंतीवरून म्हणाली. "लांबून खण. मुळं तोडतोयस नुसती. उरलेली तरी नीट काढ, मी वर चेस्टनटच्या सावलीत लावते."

"तुला काय कळतं अवोकाडोतलं?"

"तुझ्याइतकंच. म्हणजे काही नाही. लांबून खण."

तो पुटपुटला. पण पुढचा घाव त्याने वीतभर लांबून घातला. थोड्या वेळाने, मान वर न करता, त्याने विचारलं, "आणि बी?"

ओनेलियाने दुसरं रोप भिंतीवरून ओढून घेतलं.

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. "आधी सगळे खड्डे बुजव."